जांभळे अंगठे

रविवारी दुपारी पावणेदोनला भात संपला आणि रांगेत सहा माणसं उरली.

असं महिन्यातून दोनदा तरी व्हायचं. पिरंगुटच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये चर्चची रविवारची उपासना आटोपली की मंडळीची ‘भाकर सेवा’ सुरू व्हायची. नाव भाकर, पण पातेल्यात असायचा मसालेभात आणि त्यावर ओतायला पातळ आमटी. रस्त्याकडेला पाणी योजनेचे मोठाले सिमेंटचे पाइप येऊन पडलेत ना, त्या पाइपांत राहणारी माणसं यायची. बंद दुकानांच्या ओट्यावर झोपणारी यायची. डोंगरातली झोपडी मोडून खाली आलेली, कामासाठी बिहारहून येऊन इथे अडकलेली, सगळी यायची. साठ-पासष्ट पानं होत.

उरलेल्या सहांतला एक म्हातारा पुढे आला, पातेल्यात डोकावला, “संपलं व्हय?” म्हणाला आणि मुकाट्याने परत फिरला. भांडला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तरी किशोरला बरं वाटलं असतं. तो काहीच बोलला नाही, म्हणून किशोरला ते फार लागलं.

किशोर भालेराव हा माणूस सज्जन, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे. वय बेचाळीस, सूसला सोसायटीत फ्लॅट, उरवड्याच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. दोन वर्षांत त्याने एकही रविवार चुकवला नव्हता. भात वाढायचा मोठा डाव त्याच्याच हातात असे. फक्त एक खोड होती. कुठे काही बिघडलं की याला स्वस्थ बसवत नसे, आणि बिघाड नेहमी समोरच्यातच आहे असं त्याला वाटे. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतल्या चुका शोधायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार?

त्या संध्याकाळी तो घरात येरझाऱ्या घालत होता.

“बस ना रे जरा,” त्याची बायको सोनल म्हणाली. “फरशी झिजेल.”

“सहा माणसं उपाशी गेली, सोनल.”

“मग पुढच्या वेळी जास्त शिजवा.”

“जास्त कशाला? पासष्ट माणसांना पुरेल एवढाच तांदूळ घालतो आपण. मोजून येतात साठ-पासष्ट. म्हणजे कुणीतरी दोनदा घेतंय. गर्दीत कळत नाही, एवढंच.”

सोनलने चर्चमधून आणलेल्या डब्यातला मसालेभात गरम करून पुढे ठेवला. बोलता बोलता किशोरने तो संपवला. चव छान होती. सेवेचा स्वयंपाक करणाऱ्या रत्नाबाईंच्या हाताला चव होतीच.

सोमवारी कारखान्यात त्याला उपाय सापडला. मोटारीचे सुटे भाग तपासून झाले की त्यावर तो जांभळ्या शाईचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की तो भाग पुन्हा तपासायचा नाही. ही शाई साध्या पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, फक्त थिनरने जाते. तपासलेला आणि न तपासलेला यांत घोळ होऊच शकत नाही. किशोर हातातल्या ठिपक्याकडे बघत राहिला, आणि आपल्याला हे इतके दिवस का सुचलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

पास्टर निरंजन हे मवाळ गृहस्थ. ऐकून जरा चुळबुळले.

“अंगठ्याला शाई? मतदानासारखी?”

“अगदी तशीच. मतदानात मोठमोठे लोक शाई लावून घेतात, फोटो काढतात. त्यात अपमान कसला? पास्टरसाहेब, हे त्यांच्यासाठीच आहे. दोनदा घेणाऱ्यामुळे सहा जण उपाशी जातात, हा अन्याय नाही का?”

अन्याय शब्द आला की पास्टर गप्प बसत. ते म्हणाले, “बघा करून.”

पुढच्या रविवारी हॉलच्या दाराशी टेबल मांडलं. ताट घ्यायच्या आधी अंगठा पुढे करायचा, किशोर त्यावर ब्रश फिरवायचा, मग भात. पहिला माणूस हसला. “काय सायेब, विलेक्शन हाय का आज?” मागचेही हसले. चेष्टामस्करीत पंधरा-वीस अंगठे जांभळे झाले.

हिरव्या लुगड्यातल्या एका बाईने मात्र हात मागे घेतला. बरोबर तिचा नवरा होता, किडकिडीत, कुरळ्या केसांचा. दोघं पाइपांत राहायची. किशोर त्यांना रोज येता-जाता बघायचा.

“शाई नगं दादा,” बाई म्हणाली. “उद्या कामावर जायचं हाय.”

“मग काय बिघडलं? शाई आहे मावशी, विंचू नाही.”

मागे रांग खोळंबली होती. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, तिने पातेल्याकडे बघितलं, आणि दोघांनी अंगठे पुढे केले.

त्या दिवशी भात उरला. चक्क उरला! किशोरने मंडळीच्या ग्रुपवर लगेच टाकलं, ‘आज एकही व्यक्ती उपाशी परतली नाही.’ त्याखाली तीसेक जणांनी हात जोडले. त्याच्याही मनाला बरं वाटलं, पण फार वेळ नाही. घरी आल्यावर पुन्हा येरझाऱ्या सुरू झाल्या. का, ते त्यालाच कळेना.

दुसऱ्या रविवारी पस्तीस माणसं आली. तिसऱ्या रविवारी एकोणीस. अर्धं पातेलं तसंच राहिलं.

“शिस्त लागली बघा,” किशोर म्हणाला. “खरे गरजू तेवढे उरले.”

रत्नाबाई पातेलं घासायला बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. रत्नाबाई म्हणजे मंडळीची अन्नपूर्णाच. लवळ्याच्या एका कॉलेजच्या मेसमध्ये तेवीस वर्षं स्वयंपाक करून घरी बसलेल्या, पासष्टीच्या, तोंडाने फटकळ. मंडळीत एक जुनी रीत होती, मुठीची. प्रत्येक घरात भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात ठेवायचा आणि रविवारी तो दारातल्या पोत्यात आणून ओतायचा. भाकर सेवा त्याच तांदळावर चाले. पोत्यात इंद्रायणी असे, कोलम असे, रेशनचा जाडा असे, तुकडा असे. असला मिसळीचा तांदूळ शिजवणं म्हणजे खायचं काम नाही. एक शिजतो तोवर दुसऱ्याचा गिचका होतो. पण रत्नाबाईंना ते जमायचं. भाताच्या बाबतीत त्यांचं ऐकावं लागे, आणि माणसांच्या बाबतीतही ऐकावं, हे किशोरला कळायला तीन रविवार लागले.

“किशोर, माणसं कुटं गेली रं?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“पासष्ट यायची, आता एकोणीस. भूक कमी झाली व्हय त्यांची?”

“दोनदा घेणारे बंद झाले ना, मावशी.”

रत्नाबाईंनी घासणी पातेल्यात टाकली. “दोनदा कोन घेतंय ते मी सांगू का तुला? तेवीस वरसं मेस चालवली मी, मला पातेल्यातलं कळतं. भात शिजला की पयलं काय करतो आपन? सेवा करनाऱ्यांसाटी म्हनून वरचा, मोकळा, चांगला भात काडून ठेवतो. आठ घरचे आठ डबे. एकेका डब्यात येकाचं पोटभर जेवान. आता तूच सांग, शेवटी सहा मानसांना भात का पुरत नव्हता?”

किशोरने रांगेने ठेवलेल्या डब्यांकडे पाहिलं.

“तुज्या बी डब्यात जातो. हितं जेवतोस आन् संध्याकाळी घरी परत तेच जेवतोस. दाव बरं तुजा अंगठा. कुटं हाय शाई?”

किशोरने नकळत हात खिशात घातला.

“मेसमदी पोरं अर्धं ताट टाकून उटायची,” रत्नाबाई बोलतच होत्या. “बादल्या भरून भात डुकरांना जायचा. त्यांच्या बोटाला कुनी शाई लावली न्हाई. का, तर पैसेवाल्यांची पोरं. आन् ज्यानं सकाळपासनं पानी पिऊन काडलं, त्यानं येक डाव जास्त घेतला तर आपन त्याला खूण करायची, चोरासारकी!”

“मावशी, माझा हेतू तसा नव्हता.”

“हेतू घाल चुलीत. मी पन चुकले, त्या दिवशीच बोलायला पायजे हुतं. भात मीच काडून देत हुते न्हवं डब्यात?” त्या जरा थांबल्या. “माणसं कुटं गेली ते बघायचं आसंल तर उद्या सकाळी सातला चौकात ये. मजूर अड्ड्यावर. मी सांगितलं तर तुला पटायचं न्हाई. डोळ्यानं बघ.”

रात्रभर किशोरला धड झोप लागली नाही. आठ डबे दोन्ही बाजूंनी मोजून पाहिले. उत्तर तेच आलं.

सोमवारी सातच्या आधीच तो चौकात पोचला. पिरंगुटचा मजूर अड्डा म्हणजे चहाच्या टपरीपासून पंक्चरवाल्यापर्यंतचा रस्त्याचा तुकडा. फावडी, घमेली, जेवणाच्या पिशव्या घेऊन शंभर-दीडशे माणसं उभी होती. मुकादम यायचे, माणसं निवडायचे, टेम्पोत भरून न्यायचे. रत्नाबाई टपरीच्या कडेला चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी हनुवटीने समोर दाखवलं.

तिथं तानाजी मुकादम माणसं निवडत होता. सूसला एक मोठी इमारत उठत होती, तिच्यासाठी. तो प्रत्येकाला तळहात दाखवायला सांगायचा. घट्टे असले तर माणूस कामाचा. एकाचा हात त्याने धरला, उलटा केला आणि सोडून दिला. “तू न्हाई. फुडं कोन?”

तो माणूस रांगेतून बाजूला झाला. किशोरने त्याला ओळखलं. ‘विलेक्शन हाय का’ विचारणारा तोच. आज तो हसत नव्हता. त्याच्या नखाच्या कडेला जांभळी रेघ होती.

मग ती दोघं पुढे आली, हिरव्या लुगड्याची बाई आणि तिचा कुरळ्या केसांचा नवरा.

“तुमाला दोनदा सांगितलं न्हवं?” तानाजी वैतागला. “परत आला?”

“मुकादम, शाई गेली बगा,” नवरा म्हणाला. “दोन आयतवार आमी तितं जेवायला गेलो न्हाई. घासून काडली.”

त्याने अंगठा पुढे केला. दगडावर घासून घासून अंगठ्याची कातडी सोलवटून लाल झाली होती. नखाच्या खाचेत मात्र जांभळं तसंच होतं. किशोरची शाई चांगल्या प्रतीची होती.

किशोरने गर्दीतून वाट काढली. तो पुढे झाला. “मुकादम, एक मिनिट. या शाईचा आणि कामाचा काय संबंध?”

तानाजीने त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. कारखान्याचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. “संबंध असा हाय सायेब, का चर्चवाल्यांनी जांबळे अंगठे केल्यापासून सगळ्या चौकाला ठावं हाय, हे फुकट खानारे. किराना दुकानवाला दारात हुबं करंना. सूसच्या साइटशेजारी मोटी सोसायटी हाय, तितल्या लोकांनी बिल्डरला लिवून दिलंय, भिकारी मानसं आनू नका म्हनून. मी काय करू? मला माजा टेम्पो चालवायचा हाय.”

तो अर्ज किशोरच्या सोसायटीचा नव्हता. पण खरं सांगायचं तर समोर आला असता, तर किशोरनेही त्यावर सही केली असती. हे त्याला स्वतःलाच त्या क्षणी कळलं, आणि ते कळणं काही सुखाचं नव्हतं.

“हे भिकारी नाहीत,” तो म्हणाला. “कामाला आलेत ना तुमच्याकडे?”

“मला कुटं म्हायती? शिक्का तुमच्या लोकांनीच मारलाय.”

रत्नाबाई चहाचा पेला ठेवून उठून आल्या. त्यांनी किशोरला बाजूला घेतलं. “याच जोडीला तानाजीनं साइटवर पत्र्याची खोली देतो म्हनून सांगितलं हुतं. राखन करायची आन् काम करायचं, वरीसभर. तू शाई लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं हुतं. त्याच दिवशी नाकारलं. आज तो खोलीसाटी शेवटची जोडी न्हेनार हाय. आठला टेम्पो सुटतो.”

तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती.

किशोरने पुढचं ऐकून घेतलंच नाही. गाडीला किक मारली आणि उरवड्याच्या रस्त्याला लागला. कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणाला, “साहेब, आज लवकर?” त्याला उत्तरही दिलं नाही. स्टोअरमधून थिनरची बाटली घेतली, पुसायच्या चिंध्या घेतल्या आणि परत फिरला. मध्ये एका ट्रकमागे अडकला तेव्हा त्याने हॉर्नवरचं बोट उचललंच नाही. ट्रकवाल्याने त्याच्या आईचा उद्धार केला. तेही त्याला योग्यच वाटलं.

आठला दहा कमी असताना तो चौकात परतला. टेम्पो उभा होता.

शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी पास्टर निरंजन दरवर्षी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, मंडळीतल्या बारा जणांचे पाय धूत असत. किशोर पहिल्या बाकावर बसून ते बघायचा. त्याला ते नेहमी जरा नाटकी वाटे, कारण ते पाय घरून स्वच्छ धुऊनच आलेले असत. आज पंक्चरवाल्याच्या समोर, ऑइलच्या डागांवर तो गुडघे टेकून बसला आणि त्याने त्या कुरळ्या केसांच्या माणसाचा अंगठा हातात घेतला. सोललेल्या जागेला लागू नये म्हणून चिंधीचं टोक पिळून फक्त नखाच्या कडेने फिरवलं. थिनर झोंबलं असणार. माणसाने हू का चू केलं नाही. जांभळं चिंधीवर उतरलं.

“तुमचा हात द्या, मावशी.”

बाईने हात पदराआड घेतला. “ऱ्हाऊ दे.”

“निघेल आता. पूर्ण निघेल.”

“लावताना बी आमाला इचारलं न्हाई. नगं म्हनलं, तर विंचू न्हाई म्हनलात.” तिचा आवाज चढला नव्हता. “पुसताना बी इचारलं न्हाई. तुमाला वाटलं की लावायचं, तुमाला वाटलं की पुसायचं. हात तर आमचाच हाय न्हवं?”

आजूबाजूची माणसं ऐकत होती. किशोरचा चेहरा पार उतरला. त्याने चिंधी खाली ठेवली.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “तुमची परवानगी असेल तर पुसतो. नसेल तर ही बाटली तुमच्याकडे ठेवा.”

बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला.

तानाजी टेम्पोच्या फाळक्याला टेकून हे सगळं बघत होता. किशोर उठून त्याच्याकडे गेला.

“शाई पुसली. आता न्या त्यांना.”

“सायेब, पुसली तरी मी बघितली न्हवं? उद्या साइटवरचं लोखंड गेलं तर बिल्डर मला धरील.”

“मी त्यांची जबाबदारी घेतो. दोन वर्षं मी यांना जेवायला वाढतोय. चांगली माणसं आहेत.”

“वळखता तुमी त्यांना?”

“हो तर.”

“मग सांगा, नाव काय याचं?”

किशोरने तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

दोन वर्षं. शंभराच्या वर रविवार. भात किती वाढला, आमटी किती उरली, सगळं त्याला ठाऊक होतं. कारखान्यात कुठला भाग कुठल्या दिवशी कुठल्या मशीनवर झाला ते तो डोळे मिटून सांगायचा. या माणसाला त्याने शंभरदा ताट दिलं होतं, अंगठा धरून शाई लावली होती, आता अंगठा धरून पुसली होती, आणि त्याचं नाव त्याने एकदाही विचारलं नव्हतं. मनात तो त्याला ‘पाइपवाला’ म्हणायचा.

“नाही माहीत मला,” तो शेवटी म्हणाला.

तानाजी हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

“मंगळ्या वाघमारे,” त्या माणसाने स्वतःच सांगितलं. “ही फुलाबाई. वरच्या वाडीतलं हाय आमी. जमीन इकली गेली, तारंचं कंपौंड घातलं, झोपडी त्याच्या आत ऱ्हायली. आमी भाईर.”

“शेतात भात लावायला याच्यावानी मानूस न्हाई,” रत्नाबाई मागून म्हणाल्या. “आन् फुलाबाईनं येका टायमाला दोन घमेली डोक्यावर न्हेलेली मी बघितलीत. तानाजी, मी तुला ल्हानपनापासून वळखते. तुज्या टेम्पोतलं लोखंड आजवर ज्यांनी चोरलं त्यातल्या कुनाचा अंगठा जांबळा हुता? येक तरी नाव सांग.”

तानाजीने डोकं खाजवलं. टेम्पोतल्या कुणीतरी फिस्सकन हसलं.

“खोली गेली मावशी, खोटं बोलत न्हाई,” तो म्हणाला. “सकाळीच दुसऱ्या जोडीला शबूद दिलाय. हजेरीवर न्हेतो दोघांना. काम बघतो. दुसरी बिल्डिंग सुरू झाली की खोलीचं बघू. चला, बसा लवकर.”

मंगळ्या आणि फुलाबाई टेम्पोत चढली. जाताना किशोरकडे कुणी वळून पाहिलं नाही. का पाहावं?

किशोर त्या दिवशी कामावर एक तास उशिरा गेला. त्याआधी त्याने अड्ड्यावर मागे राहिलेल्या बारा जणांना नाव विचारलं, शाई पुसू का विचारलं आणि विचारूनच पुसली. अर्ध्या जणांचा दिवस वाया गेलाच होता. तो काही चिंधीने परत येणार नव्हता. संध्याकाळी ती बाटली घेऊन तो पाइपांपाशी गेला, ओट्यांवर गेला. चार दिवस तो असाच हिंडत होता. सोनल म्हणाली, “अजून तुझी येरझार संपली नाही का?” तो म्हणाला, “आता कुठे नीट सुरू झालीय.”

बुधवारी त्याने मंडळीच्या ग्रुपवर आणखी एक मजकूर टाकला. त्यात आठ डब्यांची गोष्ट होती, आपल्या डब्यासकट. या वेळी कुणी हात जोडले नाहीत. दोघांनी तर फोन करून खडसावलं, की घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडतात का. पास्टर निरंजनांनी मात्र रविवारी उपदेशाच्या आधी स्वतःचा रिकामा डबा सगळ्यांसमोर खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, “हा आजपासून घरीच राहील. बोलायचं तेव्हा मीही बोललो नाही.”

त्या रविवारी दाराशी टेबल नव्हतं. भात शिजला, आणि वरचा मोकळा भात कुणी काढून ठेवला नाही. माणसं हळूहळू आली, आधी लांबूनच बघत. किशोर डाव घेऊन उभा होता. प्रत्येकाला तो नाव विचारत होता आणि विसरत होता आणि पुन्हा विचारत होता. बहिरू, साळूबाई, वाल्मीक. पातेल्यात डोकावून परत गेलेल्या त्या म्हाताऱ्याचं नाव हनुमंत. तो दोनदा रांगेत आला. किशोरने दोनदा वाढलं. म्हाताऱ्याने दुसरं ताट झाकून नेलं, ओट्यावर पडून असलेल्या आपल्या बहिणीसाठी. आजवर तो असंच करत असणार. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

दीडच्या सुमारास दारातून हिरवं लुगडं आत आलं. किशोरचा डाव हातातच राहिला.

फुलाबाई रांगेत गेली नाही. आधी ती दारातल्या पोत्यापाशी थांबली. पदराची गाठ सोडली, त्यातून मूठभर तांदूळ काढला आणि पोत्यात सोडला. रेशनचा जाडा तांदूळ होता. मग ती किशोरसमोर आली.

“हजेरी मिळाली सहा दिसांची,” ती म्हणाली. “मावशी म्हनल्या, हितं मुठीची रीत हाय. मग आमची बी मूठ.” आणि अंगठा वर करून त्याच्या नाकासमोर धरला. “दावू का? का असंच वाढताय?”

रत्नाबाई खो खो हसल्या. किशोरला हसू येईना आणि रडूही येईना. “बसा, फुलाबाई,” तो म्हणाला. “मंगळ्यादादा कुठंय?”

“येतोय मागून. पान धरून ठिवा.”

सगळ्यांना वाढून झालं. पातेल्याच्या तळाशी भाताचे चार डाव उरले. किशोरने आपलं ताट घेतलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सतरंजीवर पंगतीत जाऊन बसला, मंगळ्या आणि बहिणीला ताट पोचवून आलेला हनुमंत यांच्या मधे. भात थोडा लागलेला होता, तळाचा. त्याला वाटलं, हा तळाचा भात आजवर नेहमी यांच्याच पानात पडत होता.

वाचकहो, गोष्ट इथं संपवता आली असती, पण मला स्वस्थ बसवत नाही. आपल्यातल्या पुष्कळांच्या खिशात ही जांभळी शाई असते. कुणी देवळात वाढतं, कुणी चर्चमध्ये, कुणी चौकात ब्लँकेट वाटतं. चांगलंच आहे, जरूर वाटा. पण घेणारा खरा गरजू आहे का, हे तपासायची आपल्याला फार घाई असते, आणि आपला डबा आधी भरून ठेवलाय का, हे तपासायला आपण कुणालाच नेमलेलं नसतं. भुकेल्या माणसाला एक दिवस जेवण दिलं म्हणून त्याच्या हातावर आपली खूण करायचा हक्क आपल्याला मिळत नाही. तो हात उद्या कुठेतरी काम मागायला जाणार असतो. वाढायच्या आधी त्याचं नाव विचारा, आणि जमलं तर त्याच्या शेजारी बसून तळाचा भात खाऊन बघा.

साइटवरची खोली मंगळ्या-फुलाबाईला अजून मिळालेली नाही. दुसऱ्या इमारतीचा पाया खणायला घेतलाय. किशोर दर सोमवारी कामावर जाताना सूसच्या साइटवरून वळसा घालून जातो, आणि तानाजी त्याला लांबूनच बघून म्हणतो, “आलं बगा, आता परत इचारनार.” आणि किशोर परत विचारतो.